मंत्रीसाहेब, पिल्लं उडेपर्यंत थांबायचं ठरलं होतं ना?

माननीय मंत्रीसाहेब, सप्रेम नमस्कार.

मी नागपूरचा, नोकरी करून सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे फोटो काढणारा साधा माणूस आहे. गोंदियाकडच्या एका मामा तलावावर, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावावर (गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, उद्या लोक गाड्या घेऊन तिथं पोचतील) रविवारी जेसीबी उतरला. पावसाळ्याआधी तुमच्याच एका अधिकाऱ्यांनी आम्हाला समोर बसवून शब्द दिला होता की सारसाची पिल्लं उडेपर्यंत तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, कामाला हात लावणार नाही. पिल्लं उडायला तीनेक महिने लागतात, ही अजून आईबापामागे चालतायत, आणि काठाचं सगळं देवधान (पाण्यात आपसूक उगवणारं रानटी धान) उपटून पाळीवर फेकलंय. वॉकिंग ट्रॅक करायचाय म्हणे.

तुम्ही सारस जवळून पाहिलाय का? माणसाएवढा उंच पक्षी, डोकं लालभडक. जोडी ओरडते तेव्हा नर एकदा आवाज देतो अन् मादी दोनदा, दोघांच्या माना वर आभाळाकडे. गेल्या महिन्यात एक पांढऱ्या मानेचा करकोचा पिल्लांच्या बाजूला उतरला, बेडूक शोधत असेल बिचारा, तर नर मान खाली घालून, पंख पसरून, पाणी उडवत असा धावला की करकोचा उडताना दोनदा धडपडला, आणि तेवढ्यात मादी दोन्ही पिल्लं घेऊन देवधानात गायब. तो फोटो माझ्याकडे आहे. आता त्याच जागी नुसता चिखल आहे, लपायचं कुठं त्या पिल्लांनी?

आणि आम्ही काय काय सोसलं ते कोण विचारतो! लेन्सचे हप्ते अजून चालू आहेत, मध्यरात्री नागपूरहून निघायचं, उजाडायच्या आत चिखलात बसायचं, डॉक्टर म्हणतात गुडघे गेले, चुलतभावाच्या साखरपुड्याला गेलो नाही म्हणून घरात अजून बोलणी खातोय. रजा टाकून ऑफिसच्या बाकावर दिवस दिवस बसलो, साहेब मीटिंगमध्ये आहेत एवढंच ऐकलं. अर्जाची पोच आहे, उत्तर नाही.

शेवटी फोनवर उत्तर मिळालं, "हे वेटलँड नाहीच, सिंचनाचा तलाव आहे." मी वेटलँडना, म्हणजे पाणथळ जागांना, संरक्षण देणारे 2017 चे नियम काढून वाचले. खरंच, सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेत, धानशेतीही वगळलीय. अहो, आपल्याकडे सारस घरटं करतो तेच मुळी धानाच्या बांधीत नाहीतर अशा तलावाच्या उथळ पाण्यात! कोहळी लोकांनी दोन-तीनशे वर्षांपूर्वी बांधलेले हे तलाव, त्यांच्यावर धान पिकलं, मासे आले, पक्षी आले, आणि कायद्यात ते पाणथळच नाहीत. आमच्या नागपूरच्या फुटाळा तलावाचंही तेच झालं, सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन माणसाने बांधलेला तलाव म्हणून वेटलँड नाही ठरला. माणसाने बांधलं म्हणून पक्ष्याला पाणी वेगळं लागतं का?

राज्यात सारस पन्नाससुद्धा भरत नाहीत. 2021 मध्ये नागपूर खंडपीठाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली, म्हणजे कोर्टाला दिसलं ते खात्याला दिसत नव्हतं. विजेच्या तारांना अडकून मरतात, फवारणीचं धान खाऊन मरतात, आणि जे उरले त्यांच्या काठावर ट्रॅक. एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं, दुसरं ठेकेदाराकडे, ठेकेदार म्हणतो मला वर्क ऑर्डर आहे, मार्चच्या आत बिल निघालं पाहिजे. सगळ्या कारभाराचं हेच चाललंय साहेब, रस्ता असो नाहीतर तलाव, बिल निघालं की काम झालं.

डिसेंबर संपेपर्यंत काम बंद ठेवा. वरून गेलेल्या तारांवर पक्ष्यांना दिसतील असे फिरते बिल्ले लावा. मामा तलावांना नियमात घ्या, तुमच्या हातात नसेल तर दिल्लीला लिहा. आणि काम थांबवल्याची लेखी ऑर्डर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, तोंडी शब्द आता आम्ही घेणार नाही.

आपला,
नागपूरचा एक पक्षीमित्र