मार्क 16 आणि बाबांच्या गोळ्या

ती. आई आणि बाबा,
सप्रेम सलाम.

फोनवर हा विषय निघाला की बाबांचा आवाज चढतो, मग माझाही चढतो आणि आई "जेवलीस का गं" म्हणून बोलणं दुसरीकडे नेते. म्हणून लिहायला बसले. आईकडून कळलं की त्या नव्या प्रचारकांची कॉटेज प्रार्थना, म्हणजे घरातली प्रार्थनासभा, झाल्यापासून बाबांनी शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या बंद केल्या आहेत. उपाशीपोटीची साखर 260 आली, डाव्या पायाच्या अंगठ्याजवळचा फोड सुकत नाही, तरी "वचनावर उभा आहे" एवढंच उत्तर. बाबा, मला भीती वाटते आहे. उगाच मोठेपणाने समजावायला लिहीत नाही, भीती वाटते म्हणून लिहिते.

तुम्ही म्हणालात, मार्कच्या शुभवर्तमानातल्या सोळाव्या अध्यायाच्या 17-18 ओव्या वाच. वाचलं. विश्वास ठेवणाऱ्यांबरोबर कोणती चिन्हं असतील ते तिथे सांगितलंय: भुतं काढतील, नव्या भाषा बोलतील, साप उचलतील, प्राणघातक काही प्याले तरी बाधणार नाही, दुखणाइतांवर हात ठेवतील आणि ते बरे होतील. पाचही गोष्टी एका दमात आल्या आहेत. प्रचारकांनी संदेशात शेवटची घेतली. साप आणि विष यांच्याबद्दल ते काय म्हणाले, असं मी आईला विचारलं, तर त्याविषयी काहीच बोलले नाहीत म्हणे. म्हणजे कुठलं शब्दशः घ्यायचं आणि कुठलं बाजूला ठेवायचं हे त्यांनीही ठरवलंच ना? मग "मी अर्थ लावत नाही, वचन जसंच्या तसं सांगतो" हे त्यांचं म्हणणं कसं टिकतं?

जसंच्या तसं घेणारी माणसं जगात होऊन गेली आहेत. अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागात जॉर्ज हेन्स्ली नावाच्या प्रचारकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच ओव्यांवरून उपासनेत विषारी साप हातात घ्यायची प्रथा सुरू केली. तो लबाड नव्हता, त्याचा मनापासून विश्वास होता. 1955 साली फ्लोरिडात उपासनेच्या वेळी साप चावला, त्याने औषधोपचार नाकारले आणि तो गेला. त्याच्यानंतरही त्या मंडळ्यांतली माणसं सर्पदंशाने मेली आहेत. त्यांचा विश्वास कमी पडला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि तुमचीही रेटणार नाही.

आता ज्या गोष्टीवरून आपलं खरं बिनसलं तिच्याकडे येते. मी म्हणाले की मार्क 16:9-20 या बारा ओव्या मूळ शुभवर्तमानात होत्या की नाही याबद्दल अभ्यासकांना मोठी शंका आहे. त्यावर तुम्ही म्हणालात, "तुझे विद्वान प्रभूच्या वचनावर कात्री चालवतात" आणि फोन ठेवलात. बाबा, कात्री कोणी चालवलेली नाही. त्या ओव्या आपल्या बायबलात छापलेल्या आहेत आणि राहतील. प्रश्न एवढाच, की मार्कने लिहायला घेतलं तेव्हा त्या तिथे होत्या का.

यासाठी कुणाच्या पदवीवर विश्वास ठेवायची गरज नाही. तुमचं रोजचं मराठी बायबल उघडा. 15:40 मध्ये वधस्तंभाजवळ मग्दालीया मरीया आहे. 15:47 मध्ये तीच कबर पाहते. 16:1 मध्ये तीच सुगंधी द्रव्यं विकत घेते. आणि आठच ओव्यांनंतर, 16:9 मध्ये, जणू तिचं नाव आपण पहिल्यांदाच ऐकतोय अशी तिची ओळख करून दिली जाते: जिच्यातून सात भुतं काढली होती ती. ही ओळख लूकच्या शुभवर्तमानात, 8:2 मध्ये आहे. पुढे 16:12 मध्ये दोघं जण गावाकडे चालले असता प्रभू त्यांना दिसतो, ती लूक 24 मधली अम्माऊसची वाट. साप चावूनही काही झालं नाही, हे प्रेषितांची कृत्ये 28 मध्ये मेलिता बेटावर प्रेषित पौलाच्या बाबतीत घडलं. म्हणजे इतर ठिकाणी आलेल्या गोष्टी कुणीतरी श्रद्धेने इथे थोडक्यात गोळा केल्यासारख्या दिसतात. एक हात मार्कवर आणि एक लूकवर ठेवून हे कुणालाही पडताळता येतं.

आणि हस्तलिखितं. नव्या कराराच्या सर्वांत जुन्या मोठ्या ग्रीक प्रतींपैकी दोन चौथ्या शतकातल्या आहेत. एक व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. दुसरी सीनाय डोंगराच्या पायथ्याच्या मठातली, 1859 मध्ये टिशनडॉर्फ या जर्मन अभ्यासकाने तिथून रशियाला नेलेली. सोव्हिएत सरकारने 1933 मध्ये ती 1,00,000 पौंडांना ब्रिटनला विकली, आज तिचा मोठा भाग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. दोन्ही प्रतींत मार्क 16:8 ला संपतो: स्त्रिया कबरेपासून थरथरत पळाल्या आणि भीतीमुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. सीनायच्या प्रतीची सगळी पानं आता इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात. मी पाहिली. ग्रीक मला येत नाही, पण मजकूर कुठे थांबतो, त्याखाली नक्षीची रेघ कशी ओढली आहे, मग शुभवर्तमानाचं नाव, आणि पुढच्या रकान्याच्या माथ्यावर लूक सुरू, हे डोळ्यांना दिसतं. आल्यावर मोठ्या स्क्रीनवर दाखवते.

दुसरी बाजू लपवणार नाही, कारण तुम्ही मला तसं शिकवलेलं नाही. व्हॅटिकनच्या प्रतीत आठव्या ओवीनंतर एक अख्खा रकाना कोरा सोडला आहे. लेखनिकाला पुढच्या मजकुराची कल्पना असावी, असं काही जण त्यावरून म्हणतात. सुमारे 180 साली आयरेनियस या बिशपने मार्कच्या नावाने यातलीच एक ओवी उद्धृत केली आहे, म्हणजे हा भाग फार जुना आहे यात वाद नाही. 1871 मध्ये बर्गन नावाच्या इंग्लिश धर्मपंडिताने या बारा ओव्यांच्या बाजूने अख्खं पुस्तक लिहिलं. आणि शंका काढणारे सगळे आजकालचे नास्तिक, हेही खरं नाही. चौथ्या शतकातला युसेबियस बिशप होता, आणि चांगल्या प्रतींत मार्क आठव्या ओवीला संपतो हे त्यानेच नोंदवून ठेवलंय.

विद्वान म्हणतात म्हणून माना, असं मी तुम्हाला म्हणणारच नाही. विद्वान चुकतात, एकमेकांवर तुटून पडतात, कधी लोकांच्या दबावाला बळीही पडतात. 1 योहान 5:7 मधला स्वर्गातल्या तीन साक्षींचा (पिता, शब्द आणि पवित्र आत्मा) मजकूर इरास्मस या डच विद्वानाने 1516 च्या ग्रीक नव्या करारात घातला नव्हता, कारण त्याला तो एकाही ग्रीक प्रतीत सापडला नव्हता. आरडाओरडा झाला, आणि 1522 च्या आवृत्तीत त्याने तो घातला. पण हे सगळं आपल्याला कळलं कसं? त्याच्यामागून आलेल्यांनी त्याचं काम तपासलं म्हणून. चांगला अभ्यासक आपला पुरावा आपल्या पुढ्यात ठेवतो, त्यात त्याच्या विरुद्ध जाणाराही असतो, आणि मग आपल्याला नाही म्हणता येतं. आईने प्रचारकांना विचारलं, की गोळ्या सोडा असं शास्त्रात कुठे आहे? ते म्हणाले, "प्रभूने मला प्रकट केलं." यावर आईने काय बोलायचं? ते कमी शिकलेले आहेत ही माझी तक्रार नाही, पेत्र कोळीच होता. पण अंत्युखियात त्याच पेत्राला पौलाने तोंडावर विरोध केला, हे गलती 2 मध्ये लिहून ठेवलंय. प्रेषिताला प्रश्न विचारता येतो, तर यांना का नाही?

बिरुयाच्या लोकांचा धडा संडे स्कूलमध्ये तुम्हीच घ्यायचात. प्रेषितांची कृत्ये 17:11. पौल सांगतो ते खरं आहे का, हे ते रोज शास्त्रात पाहायचे, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक झालंय. कोणीही संदेश दिला तरी घरी येऊन मागचे-पुढचे संदर्भ काढायची सवय मला तुमच्याकडूनच लागली. आज मी त्याच सवयीने वाचते तर ती तुम्हाला अविश्वास का वाटते?

शिवाय समजा, त्या बारा ओव्या मार्कच्याच हातच्या आहेत. अगदी मान्य. तरी त्यात औषध बंद करा असं कुठे आहे? लूक 4 मध्ये मंदिराच्या शिरोभागी सैतानाने प्रभूला स्तोत्र 91 च ऐकवलं. वचन खरं होतं, एक अक्षरही खोटं नव्हतं. प्रभूने जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं दुसरं वचन त्याच्यासमोर ठेवलं: देवाची परीक्षा पाहू नको. आणि ज्या ओव्या सैतानाने म्हटल्या त्यांच्या पुढचीच ओवी सापांना तुडवण्याची आहे, ती उघडून पाहा.

पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी सोडलं, 2 तीमथ्य 4:20. तीमथ्याच्या पोटासाठी त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, 1 तीमथ्य 5:23. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, तो निघाला नाही. त्याच्याबरोबर फिरणाऱ्या लूकला तो प्रिय वैद्य म्हणतो. यातल्या कुणाचा विश्वास कमी होता? आणि मिरजेला डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये दवाखाना उभारला तो प्रभूचं काम म्हणूनच. आजीच्या पोटाचं ऑपरेशन तिथेच झालं, आणि ऑपरेशनआधी डॉक्टरांनी तिच्या खाटेशी प्रार्थना केली हे ती शेवटपर्यंत सांगायची.

आई, तू विचारलंस, "मग हात ठेवून प्रार्थना केली ती फुकट का?" मुळीच नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा तू रात्रभर गुडघ्यांवर होतीस आणि सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनही चालू होतं. प्रभूने बरं केलं अशी साक्ष तू दिलीस. डॉक्टर नको होते असं तू कधी म्हणाली नाहीस. याकोब 5:14 प्रमाणे मंडळीच्या वडिलांना बोलवा, तेल लावून प्रार्थना करू दे, मीही बाबांच्या डोक्यावर हात ठेवीन. त्यासाठी गोळी सोडावी लागत नाही.

बाबा, मार्कच्या शेवटाबद्दल तुमचं मत बदललं नाही तरी चालेल. त्यावर आपण पुढची दहा वर्षं वाद घालू, मला आवडेल. पण त्यासाठी तुम्ही धड हवे आहात. गोळ्या एवढे दिवस बंद आहेत, तेव्हा मनाने पूर्वीचाच डोस सुरू करू नका. पत्र मिळेल त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा आणि फोडाचंही सांगा. ते ताबडतोब या म्हणाले तर शेजारच्या दादाला रिक्षा आणायला सांगा, माझी वाट पाहू नका. नाहीतर शनिवारी शिवाजीनगरहून पहिल्या एसटीने निघते, अकराची वेळ घेऊन ठेवली आहे. मंडळीच्या पाळकसाहेबांशीही बोलले आहे, ते संध्याकाळी घरी येतील.

आई, डॉक्टरांची जुनी चिठ्ठी आणि मागचे सगळे रिपोर्ट एका पिशवीत काढून ठेव, आणि बाबांना अनवाणी अंगणात जाऊ देऊ नकोस.

तुमची लेक