धर्माच्या रकान्यात काय लिहिलं

प्रिय मम्मी आणि पप्पा,

सप्रेम नमस्कार. मी ठणठणीत आहे. इथे जर्मनीत थंडी आहे, पण खोलीत हीटर आहे, आणि हो, कानटोपी घालते. ड्युटीचं, जेवणाचं सगळं फोनवर सांगून झालंय, ते पुन्हा लिहीत बसत नाही. पत्र अशासाठी, की मम्मी, तू रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाण्याचा विषय काढलास की मी चिडते आणि मग सांगायचं ते राहूनच जातं.

तर आधी तेच. मी मिस्सा बुडवत नाही. महिन्यातून दोन रविवार माझी सकाळची पाळी असते, त्या आठवड्यांत शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जाते. ती रविवारचीच धरतात. हा माझा शोध नाही, चर्चचा नियम आहे, आपल्या फादरांना विचार. नाताळच्या रात्री मात्र जमलं नाही. आजाऱ्यांची देखभाल करताना मिस्सा चुकली तर दोष नाही, हेही मला माहीत आहे, पण ते कारण पुढे करताना माझं मलाच कसंतरी होतं.

पप्पा, तुम्ही विचारलं होतं, पगारातून एवढी कसली कापाकापी? ऐका मग. जर्मनीत नव्या घरात राहायला गेलं की सरकारी कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे 'रोमन कॅथलिक' लिहिलं की दर महिन्याला पगारातून चर्चचा कर कापला जातो. हा दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, नव्हे. तुमचा आयकर जेवढा, त्याच्या 9 टक्के. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग या दोन राज्यांत 8. म्हणजे आयकर 200 युरो झाला तर चर्चला 18. वसुली सरकारचं करखातं करतं आणि चर्चकडे पोचवतं. मिस्सात थाळी फिरते ती वेगळीच! बरं, नको असेल तर गुपचूप सोडता येत नाही. कोर्टात नाहीतर नोंदणी कार्यालयात जाऊन 'मी चर्च सोडतो' अशी सही करायची, बहुतेक ठिकाणी त्याचीही फी. एकट्या 2022 साली पाच लाखांहून जास्त कॅथलिकांनी अशी सही केली. आणि एकदा सही केली की ना मिस्सात कम्युनियन घेता येत, ना फादरांपुढे कन्फेशन, पापांची कबुली. 2012 मध्ये इथल्या बिशपांनी तसा लेखी आदेशच काढलाय. देव मानतो पण कर भरणार नाही, हे चालत नाही. मला हे सगळं डोक्यात शिरायला सहा महिने लागले.

माझ्याबरोबर आलेली एक मुलगी म्हणाली, "धर्म नाही असं लिही, कोण बघतंय?" मी पेन धरून तशीच बसले. खोटं कशाला सांगू, त्या वेळी देव आठवला नाही, घराच्या कर्जाचा हप्ता आठवला. मग लिहिलं 'रोमन कॅथलिक'. श्रद्धेने की भीतीने, सांगता येत नाही. भीती असलीच तर तुझी, मम्मी, देवाची नव्हे.

आमच्याकडे बारा नंबरच्या खोलीत एक आजी आहेत. हात थरथरतात, जीभ मात्र शाबूत. मी हळू चालवलं तर "झोपलीस का", जरा भरभर चालवलं तर "पाडतेस मला". धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टरांनी लिटल फ्लॉवरची गोष्ट सांगितली होती, आठवतं? लिटल फ्लॉवर म्हणजे संत तेरेजा, मठात दर संध्याकाळी एका म्हाताऱ्या, अधू सिस्टरला मागून कमरपट्टा धरून जेवायला न्यायची, आणि ती बाईही अशीच करवादायची. एकदा तेरेजाच्या लक्षात आलं की त्या सिस्टरला पाव कापता येत नाही. मग कुणी न सांगता ती रोज पाव कापून द्यायची आणि जाताना छान हसायची. चोविसाव्या वर्षी गेली ती. मी एकोणतिसाची झाले, पाव कापते, पण हसू काही येत नाही. मनात दहापर्यंत आकडे मोजते. मागच्या मंगळवारी कापायचं विसरले, तर आजींनी चकार शब्द न काढता ताट माझ्याकडे सरकवलं. न ओरडता! मी आनंदाने दोन तुकडे जास्तच केले.

इथे मला याचा पगार मिळतो. आपल्या आजीचं सगळं तू एकटी करतेस, तुला कोण देतं?

आता पैशांचं. या महिन्याचा हप्ता 5 ऐवजी 10 तारखेला येईल, आणि थोडा कमी. परीक्षेची फी भरली. काळजी करू नका, पुढच्या महिन्यात भरून काढते. दादाच्या लग्नाला नक्की येतेय, पण रजा दहाच दिवसांची, त्यामुळे त्या दहा दिवसांत मला बघायला कुणाला बोलावू नका. फोटो पाहिला. मुलगा चांगला वाटतो. पण तो इकडे यायला तयार नाही आणि मी तिकडे कधी येईन ते मलाच माहीत नाही, मग उगाच कुणाला ताटकळत का ठेवायचं? रागावू नकोस. आजीला नाताळला येते म्हणाले होते, ते तिच्या लक्षात असेल तर तूच काहीतरी सांग.

तुमची,
बेबी

ता. क. चहात बुडवायच्या आधी आजीच्या पावाच्या कडा काढत जा, चावत नाहीत. तुला माहीत असेलच म्हणा.