शेजाराच्या जिवावर जगणाऱ्या पेशी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत रक्ताच्या कर्करोगाचे चित्र ठरलेले असते: बाहेरून घुसलेला शत्रू आणि त्याच्याशी झुंजणारा रुग्ण. माझ्या यजमानांना सीएलएल, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग आहे. या चित्राने आम्हाला चांगलेच चकवले, म्हणून हे पत्र.

सीएलएलच्या पेशी रक्तातून काढून प्रयोगशाळेत नुसत्या ठेवल्या, तर बहुतेक काही दिवसांत मरतात. शरीरात त्याच वर्षानुवर्षे टिकतात, कारण तिथे त्यांना शेजार असतो. अस्थिमज्जेतल्या आधारपेशींचे कामच मुळी रक्तपेशींना सांभाळण्याचे. समोरची पेशी बिघडलेली असली तरी त्या सांभाळतातच. सिस्टीन हे अमिनो आम्ल रक्तात ज्या रूपात जास्त असते, त्या रूपात ल्युकेमियाच्या पेशीला ते नीट घेता येत नाही. मग शेजारची निरोगी पेशी ते घेते, त्याचे रूप बदलते आणि बाहेर सोडते. चिमणीने पिलाला भरवावे तसे! त्यापासून ल्युकेमियाची पेशी ग्लुटाथायोन हे स्वतःचे रक्षण करणारे द्रव्य बनवते आणि औषधाचा मारा सोसते. अमेरिकेतल्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातल्या संशोधकांनी 2012 मध्ये हे दाखवून दिले.

यजमानांना इब्रुटिनिब या औषधाची गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात पांढऱ्या पेशींचा काउंट दुप्पट झाला. घरात कुणाला जेवण जाईना. दीर म्हणाले, गोळी बंद करा. शेजारच्या काकूंनी गुळवेलीचा काढा आणला (तो मी मोरीत ओतला, त्यांना अजून सांगितलेले नाही). मानेवरच्या गाठी मात्र बसत चालल्या होत्या, तिकडे कुणाचे लक्षच नव्हते.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी दोन मिनिटांत उलगडा केला. या गोळीने गाठींमधल्या पेशींची पकड सुटते आणि त्या रक्तात येऊन पडतात. म्हणून काउंट वाढतो. पण आसरा सुटलेल्या पेशी हळूहळू मरू लागतात. ही दोन मिनिटे गोळी लिहून देताना मिळाली असती तर! अर्थात, वाढलेला प्रत्येक काउंट असाच असतो असे नाही. ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

पुढच्या वेळी पुरवणीत या शेजाराबद्दलही चार ओळी छापाव्यात, एवढीच विनंती. आमचा काउंट उतरायला सात महिने लागले, आणि दीर शेवटपर्यंत दर आठवड्याला फोन करून आकडा विचारत होते.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा