हृदयाच्या फायलीत मेंदूचेही पान हवे

संपादक महोदय,

माझ्या नातवाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची जन्मतःच अदलाबदल झालेली होती. बाराव्या दिवशी मुंबईत शस्त्रक्रिया झाली. अतिदक्षता विभागात त्याच्या कपाळावर एक पट्टी चिकटवलेली होती आणि उशाशी असलेल्या मॉनिटरवर एक आकडा सारखा खालीवर होत होता. तो मेंदूतल्या रक्तातील प्राणवायूचा, असे सिस्टरांनी सांगितले, तेव्हा दुखणे हृदयाचे असताना पहारा मेंदूवर कशाला, हे मला उमगले नाही. पुढे डॉक्टरांनी समजावले की, अशा काही बाळांच्या मेंदूला गर्भातच प्राणवायू कमी पोहोचतो, त्यामुळे पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाचा मेंदूही महिनाभर मागे असू शकतो आणि शस्त्रक्रियेच्या आगेमागे त्याला इजा होण्याची भीती असते.

हा पहारा घरच्या वाटेवरचा कशेडी घाट ओलांडताच संपला. घरी आणलेल्या जाडजूड फायलीत टूडी इको होता, औषधे होती, टाक्यांची काळजीही लिहिलेली होती. मेंदूच्या वाढीचा अंदाज देणारा डोक्याचा घेर मात्र एकदाही नोंदलेला नव्हता. नऊ महिन्यांचा झाला तरी पोर आधाराशिवाय बसेना, म्हणून जवळच्या दवाखान्यात विचारले, तर ‘ऑपरेशन झालंय ना आजोबा, बसेल हळूहळू’ असे उत्तर मिळाले. आम्हीही ते मानले, ही आमची चूक. त्यात तीन महिने गेले. विकासात मागे पडणाऱ्या मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या, जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात व्यायाम सुरू झाल्यावर, दीड वर्षाचा होता होता, तो पडवीचा खांब धरून उभा राहिला.

मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच किनाऱ्यावरच्या पालघरहून झाली. जन्मजात हृदयदोष आणि विकासातील विलंब हे दोन्ही त्यात येतात. मग हृदयाचे मूल मेंदूच्या तपासणीला पाठवणे पालकांच्या नशिबावर का सोडावे? डिस्चार्जच्या कागदावरच जिल्हा केंद्रातील पहिल्या तपासणीची तारीख लिहून द्यावी. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतातच, त्यांनी वजनासोबत टेपने डोक्याचा घेरही मोजून कार्डावर नोंदवावा. होडीवर जाणाऱ्या बापाला प्रत्येक वेळी रोजगार बुडवून मुंबई गाठणे परवडत नाही, म्हणून ही सोय जिल्ह्यातच व्हावी, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे.

आपला,
एक आजोबा, दापोली, जि. रत्नागिरी