लास क्रूसेसहून आईस

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

तुझे तीन मिस्ड कॉल बघितले. फोन बंद नव्हता, तिकडे रेंजच नव्हती. आणि वाळवंटात एकटी गेले नव्हते, चौघी होतो. व्हाइट सँड्सची वाळू जिप्समची, पिठीसाखरेसारखी पांढरी. उन्हातही पाय भाजत नाहीत.

बाबांना सांग, अमेरिकेत पहिला माणूस कधी आला याचं भांडण अजून मिटलेलं नाही. आमच्याच राज्यात, न्यू मेक्सिकोत, क्लोव्हिस गावाजवळ दगडी भाल्यांची पाती सापडली, साधारण १३ हजार वर्षांपूर्वीची. समुद्र खाली गेलेला असताना सायबेरियातून अलास्कात चालत आले तेच पहिले, असं सगळे धरून चालले होते. मग व्हाइट सँड्सच्याच आटलेल्या तळ्याकाठी पावलांचे ठसे मिळाले. २०२१ मध्ये त्या थरांतल्या पाणवनस्पतीच्या बियांवरून वय निघालं २१ ते २३ हजार वर्षं! काहींना ते पटत नाही. बाबा-काका बांधावरून भांडतात, तसंच.

एक माग मात्र डोक्यातून जात नाही. तो इतका जुना नसेल, तरी १० हजार वर्षांच्या वरचा. कोणीतरी, बहुधा बाईच, चिखलातून दीड किलोमीटर भरभर गेली. मधेच इवली पावलं उमटतात आणि थांबतात. कडेवरून उतरवलं, दम खाल्ला, परत उचललं. त्याच वाटेने ती परतली तेव्हा मूल सोबत नव्हतं. दरम्यान एक मॅमथ, म्हणजे तेव्हाचा अवाढव्य हत्ती, तिची वाट ओलांडून गेला. मला विमानतळावरून एकटी परतलेली तू आठवलीस. असो.

जेवणाचं विचारलंस. इथे हॉटेलात काहीही मागवा, विचारतात, "लाल की हिरवी?" म्हणजे मिरची. हा राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, थट्टा नाही! दोन्ही हव्या तर "ख्रिसमस" म्हणायचं, मग डिसेंबर असो की मे. ठेचा नव्हे, पातळ कालवणच ओततात, अंड्यांवर, बटाट्यावर, बर्गरवरसुद्धा. मिरची लावायला शिकले ते त्या पहिल्या माणसांचेच वंशज, मेक्सिकोत. आपल्याकडे ती पोर्तुगीजांनी आणली. तेव्हा बाहेरचं खाते म्हणून ओरडू नकोस.

या महिन्यात चाळीस हजारच पाठवलेत, गाडीचं काम निघालं. आधी हप्ता भर, छपराचे पत्रे पुढच्या महिन्यात बघू. साताऱ्याच्या स्थळाला दिवाळीपर्यंत थांबा म्हण. दिवाळीला माझं येणं होणार नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. चकल्या मी इथे करीन. भाजणी तेवढी पाठव.

तुझी,
ठकी