काका, तुमच्या शेजारच्या खुर्चीबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला खासगीत पाठवलं असतं, तर "कशाला गं हे सगळं" म्हणून तुम्ही विषय हवामानाकडे वळवला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय. इथे तुम्हाला मधेच बोलता येणार नाही.

निमित्त तुम्हाला ठाऊक आहेच. ३ मे २०२५. सीझनचा शेवटचा दिवस, फ्लीटवूडविरुद्ध शून्य-शून्य, आणि ९६व्या मिनिटाला सार्सेविचचा गोल. या खेपेला सहा वर्षं लीग टूमध्ये काढून आपली ब्रॅडफर्ड सिटी वर चढली. मी पुण्यात फोनवर स्कोअर बघत होते. ओरडले ते शेजारच्यांना ऐकू गेलं आणि आयपीएल चालू आहे असं समजून त्यांनी विचारलं, "कोण आउट झालं?" त्यांना काय सांगणार! लीग टू म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉलची चौथी पायरी, प्रीमियर लीगपासून तीन मजले खाली, हे समजावून सांगेपर्यंत माणूस झोपायला जातो.

मलाही ते २०१२च्या सप्टेंबरपर्यंत कुठे माहीत होतं? फार्मसीच्या एमएस्सीसाठी ब्रॅडफर्डला आले तेव्हा इंग्लिश फुटबॉल म्हणजे मँचेस्टर युनायटेड, चेल्सी, आर्सेनल, एवढीच ओळख. गणपतीच्या आरतीला तुमची भेट झाली. तुम्ही माझं गाव विचारलं, मग राहायला कुठे आहे ते विचारलं, आणि तिसरा प्रश्न होता, "शनिवारी काय करतेस?" काकूंच्या गुडघ्यांनी थंडीपुढे हात टेकले होते, त्यांची सीझन तिकिटाची खुर्ची रिकामी होती. ती तुम्ही मला दिलीत. अट एकच घातलीत: शेवटची शिट्टी वाजेपर्यंत उठायचं नाही.

त्या अटीची परीक्षा फार लवकर झाली. लीग कपचा, म्हणजे चारही पायऱ्यांवरच्या क्लबांच्या बाद स्पर्धेचा सामना होता, बर्टन अल्बियन समोर, स्टेडियम बहुतेक रिकामं. आपण दोन गोलांनी मागे. माझ्या पायाची बोटं मला सोडून गेली होती आणि शेवटची बस डोळ्यांसमोर होती. मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही शंकरपाळ्यांचा डबा पुढे केलात. मग शेवटच्या काही मिनिटांत नाकी वेल्सने दोन गोल मारले आणि जादा वेळेत स्टीफन डार्बीने तिसरा. बस गेली ती गेलीच. तुम्ही मला गाडीने घरी सोडलंत आणि वाटेत वेल्स बर्म्युडाचा असल्याचं सांगितलंत. बर्म्युडा म्हटल्यावर मला २००७च्या वर्ल्ड कपमधले आपले ४१३ आणि स्लिपमध्ये उथप्पाचा झेल घेणारा तो अगडबंब लेव्हरॉक आठवला. तुम्हालाही तोच आठवत होता. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की या गावात आपलं जमेल.

तुम्ही मला ऑफसाइड शिकवलात, बोव्हरिल म्हणजे गोमांसाचा अर्क असल्याचं पहिल्याच मध्यंतरात कानात सांगून वाचवलंत, आणि खेळाडूंची कुंडली पाठ करून घेतलीत. जेम्स हॅन्सन हा काही वर्षांपूर्वी को-ऑपच्या दुकानात काम करायचा. कप्तान गॅरी जोन्स पस्तिशीचा, आणि तरी सगळ्यांत जास्त पळणारा. गोलकीपर मॅट डूक कर्करोगातून उठून पुन्हा गोलमध्ये उभा राहिलेला. तुम्ही त्यांच्याविषयी असे बोलायचात की जणू सगळे तुमच्याच खात्यातले कामगार. गिरणीतल्या माणसाला हजेरीपटच दिसतो म्हणा! साठच्या दशकात मुंबईहून लोकरीच्या गिरणीत आलेले तुम्ही, पुढे गिरण्या बंद पडल्या, लिस्टरची ती अवाढव्य मॅनिंगहॅम मिलसुद्धा, पण क्लब राहिला. तो क्लबही मुळात मॅनिंगहॅमचा रग्बी संघ होता आणि १९०३ साली फुटबॉलकडे वळला, हे तुम्ही मला व्हॅली परेडचा, म्हणजे आपल्या मैदानाकडचा चढ चढता चढता सांगितलंत. माझ्याहून वेगाने चढत होतात.

एक गोष्ट मात्र स्टेडियममध्ये कधीच सांगितली नाहीत. त्यासाठी तुम्ही मला सेंटेनरी स्क्वेअरमधल्या स्मारकापाशी नेलंत. ११ मे १९८५. थर्ड डिव्हिजन, म्हणजे तेव्हाची तिसरी पायरी, जिंकल्याचा करंडक त्याच दुपारी, सामन्याआधी मिळाला होता. समोर लिंकन सिटी. मध्यंतराच्या थोडं आधी लाकडी स्टँडखाली साचलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि काही मिनिटांत सगळा स्टँड गेला. ५६ माणसं गेली, त्यातली दोन लिंकनची. तो स्टँड सीझन संपल्यावर पाडायचाच होता. त्या शनिवारी तुमची पाळी होती, म्हणून तुम्ही मैदानावर नव्हतात. एवढंच म्हणालात आणि गप्प झालात. त्या आगीनंतर प्रोफेसर डेव्हिड शार्प यांनी भाजलेल्यांच्या उपचारांवर संशोधन करणारं युनिट आमच्या विद्यापीठात उभं केलं. मी रोज त्याच विद्यापीठात जात होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. माझ्या विद्यापीठाची ओळखही तुम्हीच करून दिलीत म्हणायची.

मग ११ डिसेंबर आला. लीग कपात समोर आर्सेनल! माझ्या वर्गातल्या ज्यांना व्हॅली परेड कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, ते सगळे तिकिटासाठी माझ्या मागे लागले. तुमचं उत्तर अजून लक्षात आहे: "मंगळवारी रात्री लीगच्या सामन्याला या म्हणावं, मग बघू." मला ते तेव्हा जरा खडूस वाटलं होतं. आता पटतं. कपाच्या रात्री गर्दी असतेच, क्लब चालतो तो उरलेल्या रात्रींवर. पण त्या रात्रीची मजा काही औरच, हे तुम्हीही कबूल करा. हाडं गोठवणारी थंडी, समोर विल्शर, काझोर्ला, पोडोल्स्की. सोळाव्या मिनिटाला जोन्सची फ्री किक आणि थॉम्पसनचा गोल. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत आपण पुढे, मग व्हरमालेनने बरोबरी केली. तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत, जिंकायची आशा सोडल्यासारखी. पेनल्टीत डूकने काझोर्लाचा फटका अडवला, आणि शेवटी व्हरमालेनचाच चेंडू खांबाला लागला. ३-२. सत्तरी ओलांडलेला माणूस इतकी उंच उडी मारू शकतो हे मी त्या रात्री पाहिलं. काकूंना मी ते सांगितलं नव्हतं, आज सांगतेय.

ॲस्टन व्हिलाविरुद्ध घरच्या मैदानावर ३-१, त्यांच्याकडे १-२, आणि मग वेम्बली, लंडनमधलं राष्ट्रीय मैदान. चौथ्या पायरीवरचा क्लब वेम्बलीवर एका मोठ्या कपाची अंतिम लढत खेळतोय, हे याआधी कधीच घडलेलं नव्हतं. तिसरं तिकीट तुम्ही कसं मिळवलंत हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही. काकूंच्या गुडघ्यांना त्या दिवशी काहीही झालं नाही.

अंतिम सामन्यात स्वान्सीने पाच मारले. डूकला लाल कार्ड, त्यावर मिळालेली पेनल्टी कोणी घ्यायची यावरून डायर आणि डी गुझमन यांचं भांडण, हे सगळं आपल्याच गोलपुढे. आणि आपली सगळी बाजू लाल-पिवळे झेंडे हलवत गात होती. चौथ्या गोलनंतरही, पाचव्यानंतरही. माझ्या मागे कोणीतरी रडत होतं आणि रडता रडता गात होतं. कोणीही उठलं नाही. तुमची ती अट खरं तर सगळ्या गावाची होती.

बाकीचं जग तिथे थांबलं. पेपरांनी 'स्वप्नाचा शेवट' छापला आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला विसरून गेले. तुम्ही मात्र परतीच्या प्रवासात लीगचं टेबल काढून बसलात. कपाच्या नादात तिथे घसरण झाली होती. मार्च-एप्रिलमधले ते पावसाचे, चिखलाचे, कुणीही न दाखवलेले सामने मला वेम्बलीइतकेच आठवतात. माझा प्रबंध अडकला होता, घरून बाबांच्या तब्येतीचे फोन येत होते, आणि आठवड्यातली एक वेळ अशी होती की जिथे मला काही विचारलं जात नसे, फक्त थर्मासमधला चहा मिळत असे. तुम्हाला हे माहीत होतं का? मला वाटतं, होतं. तुम्ही कधी सुचवलंही नाहीत.

सातवं स्थान, म्हणजे प्ले-ऑफची, वर चढण्याच्या उरलेल्या एका जागेसाठीच्या सामन्यांची, शेवटची जागा. पुन्हा बर्टन: घरी २-३ हरलो, त्यांच्याकडे ३-१ जिंकलो. १८ मे २०१३ला पुन्हा वेम्बली, नॉर्थहॅम्प्टनविरुद्ध हॅन्सन, मॅकार्डल, वेल्स, आणि अर्ध्या तासाच्या आत ३-० करून मोकळे, वर चढलो. मॅनेजर फिल पार्किन्सनच्या संघाने त्या सीझनमध्ये ६४ सामने खेळले. आर्सेनलची रात्र सगळ्यांना आठवते, पण तुम्ही मला ६४ची गोष्ट दिलीत, आणि आभार त्याचे आहेत.

या हिवाळ्यात कामासाठी लंडनला यायचं ठरतंय. एक शनिवार मोकळा ठेवा, घरचा सामना बघून. आता लीग वन आहे, तिकिटं महागली असतील, पण पैसे मी देणार, त्यावर वाद नको. भाजणी आणि गोडा मसाला घेऊन येते, आणखी काही हवं असेल तर काकूंना कळवायला सांगा. त्यांना सा. न.

आपली,
काकूंच्या खुर्चीवरची पोरगी