जोत्याची ओल शोधून देणाऱ्या गवंडीकाकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

रत्नागिरीतल्या आमच्या जांभ्याच्या घराच्या भिंतीला लोणा धरला होता, पडवीच्या काँक्रीटवर काळपट-पांढुरके डाग उमटले होते आणि सज्जाच्या खालच्या अंगाला तांबूस ओघळ दिसू लागले होते. तुमच्या आधी येऊन गेलेल्या ठेकेदाराने सगळ्यावर एकच उपाय सांगितला होता, तो म्हणजे अ‍ॅसिडने धुऊन वर जलरोधक रंग मारणे. तुम्ही रंगाचा डबा उघडू दिला नाही. पाणी कुठून येते ते आधी शोधा, असे सांगितलेत. त्याबद्दल मनापासून आभार मानावेत आणि अशाच घरांत राहणाऱ्या इतरांनाही ते कळावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

लोणा म्हणजे भिंतीतले व जमिनीतले क्षार असून, ते पाण्यात विरघळून पृष्ठभागापर्यंत येतात आणि पाणी उडून गेले की पांढरी भुकटी होऊन मागे राहतात, हे तुम्ही बोटाने भुकटी खरवडून दाखवलेत. जोत्यावर नंतर केलेल्या सिमेंटच्या गिलाव्यामुळे जांभ्यातली ओल बाहेर पडू शकत नव्हती, म्हणून ती भिंतीत आणखी वर चढत होती. तो गिलावा तुम्ही काढायला लावलात, भिंत उन्हाळाभर उघडी ठेवलीत आणि लोणा पाण्याने न धुता कोरडाच झाडायला सांगितलात, कारण धुतलेले क्षार पुन्हा भिंतीत मुरतात. तारेचा ब्रश तर तुम्ही हातातून काढूनच घेतलात. त्याचे तुटलेले कण दगडात अडकून गंजतात आणि नवे डाग पाडतात, हे तोवर आम्हाला कोणी सांगितले नव्हते. दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, त्यांच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल खरवडून त्या चुन्याच्या मसाल्याने भरताना तुमची थापी ज्या सावकाशीने चालत होती, ती पाहण्यासारखी होती. मसाला दगडापेक्षा मऊ असला पाहिजे, म्हणजे झीज झालीच तर दरजेची होते आणि चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, शाबूत राहतो, हे तुमचे म्हणणे प्रत्येक जांभ्याच्या घरमालकाने लक्षात ठेवावे असे मला वाटते.

पडवीतली तुमची परीक्षा तर कुणालाही घरी करता येईल. सुमारे दीड फूट लांबी-रुंदीचे प्लास्टिकचे दोन तुकडे, एक पन्हळीजवळ आणि एक मध्यभागी, काँक्रीटवर पसरून त्यांच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्यात आणि ते रात्रभर तसेच ठेवलेत. सकाळी पन्हळीजवळच्या तुकड्याखाली पाण्याचे थेंब जमलेले होते, मधल्या तुकड्याखालची जागा मात्र कोरडी होती. म्हणजे कडेचे डाग जमिनीतल्या ओलीचे होते, तर मधले डाग काँक्रीट ओतल्यानंतर त्यावर पाणी सारखे न मारल्याचे. पागोळ्यांचे पाणी घरापासून लांब नेल्यावर आणि अंगणाचा उतार बाहेरच्या दिशेने केल्यावर कडेचे डाग हळूहळू फिके झाले. मधल्या डागांना अ‍ॅसिड लावू नका, वरची सिमेंटची साय निघून वाळू उघडी पडेल, ही तुमची सूचना आम्ही पाळली. ते डाग अजून आहेत आणि त्यांची आता काळजी वाटत नाही.

सज्जाचे काम सर्वांत महत्त्वाचे होते, कारण तिथे प्रश्न नुसत्या दिसण्याचा नव्हता. हातोडीने हलके ठोकत, पोकळ आवाज येईल तिथे तुम्ही खडूने खुणा करत गेलात. खाऱ्या हवेत सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचे काँक्रीट फोडून बाहेर ढकलतो. अशा वेळी वरवर गिलावा करणे म्हणजे गंज झाकून वाढू देणे होय. तुम्ही सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट फोडलेत, गंज पूर्ण काढून गंजरोधक लेप दिलात, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने थर भरलेत आणि नंतर नेमाने पाणी मारून घेतलेत.

वयाचा विचार न करता तुम्ही शिडीवर चढलात, आणि सोबतच्या तरुण गवंड्यालाही प्रत्येक गोष्टीचे कारण समजावून सांगितलेत, याबद्दल आम्ही सर्वजण तुमचे ऋणी आहोत. मागील दारच्या भिंतीच्या दरजा भरायच्या राहिल्या आहेत; पाऊस संपून भिंत वाळली की ते काम त्याच तरुणाकडून, तुमच्या देखरेखीखाली करून घेण्याची आमची इच्छा आहे. आपल्या सवडीने कळवावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक घरमालक, रत्नागिरी